बिनकिल्लीचं

विलेनहॉलमध्ये एके काळी घराघरात
कानस चालायची म्हणे.
मागच्या परसात भट्टी, पुढच्या खोलीत पोरं,
आणि कुबड येईस्तोवर वाकून कुलपं घडवणारे बाप.
आता तिथे टायरचं दुकान, एक नेलबार,
आणि मी.

मी घडवत नाही. विकत घेतो.

पहिलं चार पौंडांचं, रविवारी,
गाडीच्या डिकीतून संसार विकणाऱ्या एका बाईकडून.
पितळी, तळहाताएवढं, बदामी घाटाचं.
आश्लेषालाही आवडलं होतं ते.
चिंच लावून तिनंच चकचकीत केलं,
देवाच्या तांब्यासारखं.

दुसरं अकराचं. पाचवं साठाचं.
साठाचे मी घरी सहा सांगितले.
शून्य गिळायला
फार मोठा घास लागत नाही.

तिची वही निळी, स्प्रिंगची.
गॅस. कौन्सिल टॅक्स. जुईचं व्हायोलिन.
चिपळूणला आईंच्या औषधांचे.
तूरडाळ, दहा किलो, वुल्व्हरहॅम्प्टनहून, स्वस्त पडते.
आणि महिन्याच्या तळाशी, बारीक अक्षरात,
‘लोखंड’.
पुढे आकडा.
मी सांगितलेला नव्हे. बँकेतला.

तीन वर्षं ती खरं लिहीत होती
आणि मी खोटं बोलत होतो
एकाच टेबलावर, एकाच आमटीच्या वाफेत.

हे कळलं बॉयलर गेल्यावर.
जानेवारी. नळातून सुया.
टेरी आला, टॉर्च मारला, ओठ आवळून शीळ घातली:
अठराशे साठ.
किती शिल्लक आहे बघायला मी वही उघडली
आणि उभ्या उभ्या वाचत राहिलो.

जुई कोट घालून गणितं सोडवत होती.
आठ दिवस पातेल्यात पाणी तापवलं,
बाथटबात बादली ठेवून तांब्यानं अंघोळी.
‘लहानपणी असंच तर होतं,’ आश्लेषा म्हणाली.
ती चिडली असती तर बरं झालं असतं.

विकायचं तर तेच विकायला हवं होतं.
आठ लिव्हरचं, तिजोरीचं, उशीएवढं जड.
आलं तेव्हा बिनकिल्लीचं.
चार हिवाळे मी शेडमध्ये बसून
पोलादाची एक पट्टी घासत होतो,
केसाएवढी, अर्ध्या केसाएवढी,
नाइट शिफ्ट नसेल त्या रात्री.
आणि गेल्या नोव्हेंबरात
ती फिरली.
खट्.
कुलपाच्या आत काय असणार?
तरी मी वाकून पाहिलं.
कुणाला सांगितलं नाही.

ब्लॉक्सविचचे टॉन्क्स आले. ऐंशीचे असतील.
त्यांच्या वडलांनी त्याच कारखान्यात
कानस घासली होती बेचाळीस वर्षं.
कुलूप त्यांनी मांडीवर घेतलं,
पाहुण्यांचं मूल घेतात तसं, जरा बिचकत.
विसाविसाच्या नोटा मोजल्या. नऊशे.
‘किल्ली नाहीच म्हणता?’
‘नाही,’ मी म्हणालो.
खिशात ती मांडीला टोचत होती.

बॉयलर बसला. उरलेलं हप्त्यानं.
पहिल्या रात्री गरम पाण्याखाली
जुई इतका वेळ राहिली
की आश्लेषानं दार वाजवलं, ‘बिल येतं गं!’
आणि मग दाराबाहेरच उभी राहिली,
पाण्याचा आवाज ऐकत.

शनिवारी माझी पँट धुवायला टाकताना
तिनं खिसे चाचपले.
‘ही कुठल्या दाराची?’
सांगितलं. सगळं, नोव्हेंबरापासून.
ती बराच वेळ किल्लीचे दात बघत होती, बोट फिरवून.
‘म्हणजे कुलूप विकलंस
आणि उघडणं घरात ठेवलंस.’
मग म्हणाली, ‘सुबक केली आहेस पण.’

वहीत आता एक ओळ आहे:
टॉन्क्स, ब्लॉक्सविच. किल्ली देणे.
आकड्याची जागा कोरी.

लिफाफा आणला आहे. पत्ता तिनं घातला आहे.
किल्ली अजून दाराजवळच्या खुंटीवर,
घराच्या, गाडीच्या, शेडच्या किल्ल्यांत.
सकाळी घाईत हाताला नेमकी तीच येते,
आणि मी आमच्याच दारात उभा राहून
ती लावून बघतो.